पाच तास सव्वीस मिनिटं

खालच्या सगळ्या वेळा ग्रिनिचच्या आहेत. वैमानिक आणि नियंत्रक त्याच वापरतात. भारतीय वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवावेत. तारीख ३१ ऑगस्ट १९८३, बुधवार. सखालिन आणि जपानमध्ये १ सप्टेंबर उजाडायचा होता.

आधीचे महिने

८ मार्चला रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं. २३ मार्चला त्यांनी येणारी क्षेपणास्त्रं अवकाशातूनच अडवण्याची योजना जाहीर केली. वर्षअखेरीस पश्चिम जर्मनीत पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं बसवली जाणार होती. मॉस्कोत युरी आंद्रोपोव्ह आजारी होते. सत्तरच्या दशकातला समेट संपला होता.

त्या वसंतात अमेरिकेने उत्तर प्रशांत महासागरात तीन विमानवाहू नौका घेऊन मोठा सराव केला. ४ एप्रिलला या ताफ्यातली विमानं सोव्हिएत ताब्यातल्या झेल्योनी बेटावरून गेली. त्यांना कोणी अडवलं नाही. चौकशी झाली आणि अतिपूर्वेकडच्या हवाई संरक्षण दलातल्या अधिकाऱ्यांवर ठपका आला. पुढचा घुसखोर सुटता कामा नये, एवढा एकच धडा त्यातून खाली झिरपला.

पाच वर्षांपूर्वी, २० एप्रिल १९७८ ला, कोरियन एअर लाइन्सचं पॅरिसहून निघालेलं ९०२ क्रमांकाचं विमान वाट चुकून मुर्मान्स्कजवळ शिरलं होतं. सोव्हिएत लढाऊ विमानाने त्यावर क्षेपणास्त्र सोडलं. वैमानिकाने विमान एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. दोन प्रवासी मेले, बाकीचे घरी गेले. रस्ता चुकलेलं प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत शिरू शकतं आणि त्यावर गोळी चालू शकते, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून जगाला ठाऊक होत्या.

१३.००, अँकरेज

कोरियन एअर लाइन्सचं ००७ अलास्कातल्या अँकरेज विमानतळावरून उडालं. बोइंग ७४७. न्यूयॉर्कहून ते ३५ मिनिटं उशिरा सुटलं होतं. इथे इंधन भरून आणि कर्मचारी बदलून सोलकडे निघालं. विमानात २६९ माणसं होती, त्यांत वीसहून अधिक लहान मुलं. एक प्रवासी भारतीय होता. लॅरी मॅकडोनल्ड हे जॉर्जिया राज्यातले अमेरिकी काँग्रेसचे सदस्यही विमानात होते, कट्टर साम्यवादविरोधी म्हणून ओळखले जाणारे. अमेरिका आणि दक्षिण कोरियातल्या संरक्षण कराराला तीस वर्षं झाली होती, त्या सोहळ्याला ते चालले होते. सिनेटर जेसी हेल्म्स याच सोहळ्यासाठी मागून येणाऱ्या ०१५ मध्ये बसले होते.

कॅप्टन छुन ब्युंग-इन यांच्या नावावर दहा हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं. मार्गही ओळखीचा होता. रोमिओ-२० हा प्रशांत महासागरावरच्या पाच समांतर हवाई मार्गांपैकी सर्वांत उत्तरेकडचा. एके ठिकाणी तो कामचाटकाजवळच्या सोव्हिएत हद्दीपासून जेमतेम ३० किलोमीटरवरून जात होता. नकाशांवर तसा इशारा छापलेला होता.

अँकरेजचा दिशादर्शक रेडिओ त्या रात्री दुरुस्तीसाठी बंद होता. त्यात गैर काही नव्हतं. बंद असल्याची सूचना रीतसर दिलेली होती. तो चालू असता तर निघतानाच एकदा दिशा पडताळली गेली असती.

१३.०३ च्या सुमारास

विमानाने २४५ अंशांची दिशा धरली आणि स्वयंचलित यंत्रणेने ती घट्ट पकडून ठेवली.

चालकांपुढे एक खुंटी असते. ती एका खाचेत असेल तर विमान होकायंत्राच्या ठरावीक अंशावर जात राहतं. पुढच्या खाचेत फिरवली की आयएनएस ही दिशादर्शक यंत्रणा सूत्रं हाती घेते आणि आधी भरलेल्या टप्प्यांवरून विमान नेते. यंत्रणा एकाला तीन होत्या. पण त्यांची एक अट असते. विमान ठरलेल्या रेषेपासून साधारण १४ किलोमीटरच्या आत असलं पाहिजे. त्याहून लांब असेल तर खुंटी फिरवली तरी यंत्रणा फक्त वाट पाहते आणि विमान जुन्याच अंशावर जात राहतं.

त्या रात्री खुंटी फिरवायची राहिली, किंवा फिरवली तेव्हा उशीर झाला होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा, म्हणजे इकाओचा, दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष एवढाच आहे. दोहोंपैकी कोणतं, हे ध्वनिफितीत सापडत नाही, कारण ती फीत फक्त शेवटची तीस मिनिटं राखून ठेवते.

१३.२८

अलास्कातल्या केनाई इथल्या रडारवर विमान ठरल्या रेषेच्या उत्तरेला सुमारे १० किलोमीटर दिसलं. या सुमारास नागरी रडारची सेवा संपते आणि विमान आपल्या हिमतीवर पुढे जातं. नियंत्रकाने काही सांगितलं नाही. दहा किलोमीटर म्हणजे त्या उंचीवर, त्या वेगाने, चाळीस सेकंदांचं अंतर.

खुंटी या क्षणी फिरवली असती तर यंत्रणेने विमान उचललं असतं. १४ च्या आत १०.

१३.५०

ठरल्याप्रमाणे बेथेल गाव आलं. वैमानिकांनी बेथेल ओलांडल्याचं कळवलं. किंग सॅमन इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या रडारने विमान बेथेलच्या २३ किलोमीटर उत्तरेला नोंदवलं.

नोंद झाली आणि तिथेच राहिली. सीमेबाहेर जाणाऱ्या नागरी विमानाला रस्ता सांगणं हे त्या रडारचं काम नव्हतं. ते येणाऱ्या सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची वाट पाहत होतं.

१४.३०, नाबी

पुढचा टप्पा नाबी. जमिनीवर खूण नाही. समुद्रावरचा एक कल्पित बिंदू. आयएनएस यंत्रणा तो बिंदू बाजूने गेला तरी ‘आला’ असं सांगते, आणि वेळही बरोबर सांगते. त्यामुळे चालकांच्या कानावर सगळं वेळापत्रकाबरहुकूम येत होतं. यंत्रणेला विमान कुठे असायला हवं ते नीट माहीत होतं. विमान मात्र तिच्या हाती नव्हतं.

००७ ने नाबीहून अँकरेजशी नेहमीच्या रेडिओवर बोलण्याचा प्रयत्न केला. आवाज पोहोचेना. विमान शंभर किलोमीटर उत्तरेला सरकलेलं होतं, म्हणून पोहोचत नव्हता. मागून येणाऱ्या ०१५ ने निरोप पुढे दिला. ०१५ ला तोच रेडिओ नीट ऐकू येत होता. एकाच रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतराने जाणाऱ्या दोन विमानांपैकी एकालाच का ऐकू येतं, हे दोन्ही विमानांत कोणी विचारलं नाही, अँकरेजमध्येही नाही. निरोप पोहोचला होता, त्यामुळे प्रश्न उरला नव्हता.

१५.५१

सोव्हिएत नोंदींनुसार या वेळी विमान कामचाटकाभोवतीच्या संरक्षित क्षेत्रात शिरलं.

त्या रात्री कामचाटकाच्या पूर्वेला अमेरिकेचं आरसी-१३५ टेहळणी विमानही घिरट्या घालत होतं. सोव्हिएत क्षेपणास्त्राची चाचणी अपेक्षित होती. ती दिसली तर टिपायची, असं त्याचं काम. तेही बोइंगच, चार इंजिनांचं. रडारच्या पडद्यावर दोन्ही ठिपक्यांत फरक नाही. ते टेहळणी विमान आपल्या तळाकडे परत वळलं. एक ठिपका मात्र सरळ किनाऱ्याकडे येत राहिला, आणि पडद्यासमोर बसलेल्यांनी त्याला आधीच एक नाव दिलेलं होतं.

१६.००, नीवा

पुढच्या टप्प्याचा निरोपही ०१५ मार्फतच गेला. आता विमान रस्त्यापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब होतं.

१६.३०

००७ ने कामचाटकाचा किनारा ओलांडला. खाली पेट्रोपाव्लोव्हस्कजवळ अणुपाणबुड्यांचा तळ होता. विमानाच्या नाकात हवामानाचं रडार होतं. ते जमिनीकडे वळवलं तर समुद्र कुठला आणि किनारा कुठला हे दिसतं. तसं केल्याची कुठलीही खूण मिळालेली नाही. ढगांपासून दूर, रात्रीच्या समुद्रावर, त्याची गरज वाटण्याचं कारण नव्हतं.

चार मिग-२३ वर गेली. त्यांना विमान सापडलं नाही. १९८९ मध्ये पश्चिमेकडे पळून आलेल्या अलेक्झांडर झुएव्ह या सोव्हिएत वैमानिकाने पुढे सांगितलं की, दहा दिवस आधीच्या वादळाने कामचाटकावरची बरीचशी रडारं बंद पडली होती आणि ती दुरुस्त झाल्याचं खोटंच मॉस्कोला कळवलं गेलं होतं. हे खरं असेल तर त्या रात्रीचा सर्वांत महाग कागद तोच. रडारं चालू असती तर मिग विमानं दिवे लावलेल्या त्या प्रचंड ७४७ जवळ वेळेवर पोहोचली असती. तिथे अजून अवधी होता आणि कोणाला घाई नव्हती.

१७.०७, निप्पी

निप्पीला अँकरेजची हद्द संपते आणि टोकियोची सुरू होते. ००७ ने टोकियोला कळवलं: निप्पी १७.०७ ला ओलांडलं, उंची ३३,००० फूट, पुढचा टप्पा नोक्का, अंदाजे वेळ १८.२६.

विमान कामचाटका ओलांडून ओखोत्स्क समुद्रावर आलं होतं. सोव्हिएत हद्दीतून ते आपसूकच बाहेर पडलं होतं. त्याच दिशेने आणखी तासभर गेलं की सखालिन बेट लागतं.

कामचाटकाहून सखालिनला फोन गेले. विमान आमच्या हातून निसटलं, असा त्या फोनचा अर्थ होता.

१७.४२

सखालिनवरच्या सोकोल तळावरून मेजर गेन्नादी ओसिपोविच यांचं सुखोई-१५ उडालं. पंखांखाली दोन क्षेपणास्त्रं, एक उष्णतेचा माग काढणारं, एक रडारवर चालणारं. तोफेत नेहमीच्या उजळत जाणाऱ्या गोळ्या नव्हत्या; चिलखत भेदणाऱ्या होत्या. अंधारात त्या दिसत नाहीत.

१७.५३ च्या सुमारास

सोकोल तळाचे प्रमुख जनरल अनातोली कोर्नुकोव्ह अतिपूर्व हवाई दलाचे प्रमुख जनरल कामेन्स्की यांच्याशी बोलत होते. हे संभाषण १९९३ मध्ये उघड झालं.

कामेन्स्की म्हणाले, आधी शोधून काढलं पाहिजे, कोणतं तरी नागरी विमान असेल किंवा देव जाणे कोण.

कोर्नुकोव्ह म्हणाले, कसलं नागरी? ते कामचाटकावरून आलंय! समुद्रावरून, ओळख न देता आलंय. सीमा ओलांडली तर हल्ल्याचा हुकूम देतोय.

पाच तासांत ‘नागरी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला गेल्याची ही पहिली नोंद. त्याला मिळालेलं उत्तर तपासण्यासारखं आहे. कामचाटकावरून अडवल्याशिवाय गेलं, म्हणून ते शत्रूचं. ते तिथे अडवलं गेलं नाही कारण आपल्याच लोकांना सापडलं नाही, हा भाग त्या वाक्यात नव्हता. वरिष्ठाने शंका घेतली आणि ती पुढे रेटली नाही. एप्रिलचा ठपका दोघांनाही ठाऊक होता.

१७.५६

इथून ००७ च्या चालककक्षाची ध्वनिफीत सुरू होते. हे विमान हेरगिरीवर होतं असा तर्क दहा वर्षं पुस्तकांतून आणि भाषणांतून चालला. ही फीत ऐकल्यावर मला तो टिकेल असं वाटत नाही. चालक सोलच्या विमानतळावर डॉलर बदलून मिळण्याची सोय कुठे आहे, याबद्दल बोलत आहेत.

याच अर्ध्या तासात ०१५ च्या चालकांनी रेडिओवर सांगितलं की, त्यांना मागून जोराचा वारा मिळतोय. ००७ मधून आश्चर्य व्यक्त झालं: इतका? आम्हाला तर अजून समोरून येतोय. एकाच मार्गावरची, काही मिनिटांच्या अंतराची दोन विमानं. एकाला वारा पाठीवर, दुसऱ्याला तोंडावर. तशी दोन विमानं एकाच आकाशात असणं कठीण.

विषय तिथेच संपला. माझ्या मते सुटण्याची शेवटची खरी संधी हीच होती, आणि ती गप्पांच्या स्वरूपात आली होती.

१८.१०

सखालिनवर लेफ्टनंट कर्नल मैस्त्रेंको यांनी नियंत्रण केंद्रातल्या तितोव्निन यांना सांगितलं की, हे प्रवासी विमान असू शकेल, ओळख पटवण्यासाठी सर्व उपाय केले पाहिजेत. तितोव्निन म्हणाले, उपाय चालू आहेत, पण वैमानिकाला दिसत नाही, अंधार आहे. मैस्त्रेंको म्हणाले, ठीक, मग काम योग्य आहे. दिवे नसतील तर प्रवासी विमान असू शकत नाही.

१८.१३

ओसिपोविच यांनी लष्करी ओळखयंत्रणेवर विचारणा केली. समोरून उत्तर आलं नाही. ती यंत्रणा सोव्हिएत लष्करी विमानांची होती. ७४७ मध्ये तिला उत्तर देणारं काही नव्हतं. नोंद अशी झाली: लक्ष्य ओळख देत नाही.

१२१.५ मेगाहर्ट्झ ही जगभर सर्व विमानांनी ऐकायची आपत्कालीन लहर आहे. तिच्यावर त्या रात्री सोव्हिएत बाजूने कोणी हाक मारली नाही.

१८.१५

००७ ने टोकियोकडे ३५,००० फुटांवर चढण्याची परवानगी मागितली. इंधन जळून विमान हलकं झालं की वर जाणं स्वस्त पडतं. दर फेरीत करायची ही गोष्ट.

१८.१६

विमान सखालिनच्या हद्दीत शिरलं. बेट इथे अरुंद आहे. बाहेर पडायला दहा-बारा मिनिटं पुरतात. सोकोलवरच्या लोकांना हे अंतर पाठ होतं.

१८.१८

ओसिपोविच यांनी खाली कळवलं: दिवे चालू आहेत. लुकलुकणारा दिवा चालू आहे.

आठ मिनिटांपूर्वी नियंत्रण केंद्रात दिव्यांवर सगळं ठरलं होतं. दिवे नाहीत, म्हणून प्रवासी नाही. आता दिवे आहेत हे कळलं होतं. ते ऐकून कोणी आधीचं गणित पुन्हा मांडलं, असं नोंदींत दिसत नाही.

पुढे अनेक वर्षांनी ओसिपोविच यांनी पत्रकारांना सांगितलं की, त्यांना खिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या होत्या आणि हे बोइंग आहे, नागरी आहे, हेही कळलं होतं. नागरी विमान लष्करी कामासाठी वापरणं सोपं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे बोइंग आहे असं त्यांनी खाली सांगितलं नाही. का, तर त्यांना कोणी विचारलं नाही.

१८.२०

दोन गोष्टी एकाच मिनिटात घडल्या. टोकियोने चढण्याची परवानगी दिली. आणि ओसिपोविच यांनी इशाऱ्यासाठी तोफेच्या चार फैरी झाडल्या, एकूण २४३ गोळ्या. चिलखतभेदी गोळ्या, उजळत न जाणाऱ्या. अंधारात, विमानाच्या मागून. ध्वनिफितीत त्यांची चाहूल लागल्याची काहीही खूण नाही.

००७ वर चढू लागलं. चढताना वेग कमी होतो. सुखोई पुढे निघून गेलं. खाली अर्थ लावला गेला: इशारा दिला आणि लक्ष्याने वेग कमी करून हुलकावणी दिली.

१८.२३

००७ ने टोकियोला कळवलं, ३५,००० वर आलो. आवाज शांत आहे.

१८.२४

कोर्नुकोव्ह चिडले होते. अरे, हल्ल्याच्या जागेवर यायला किती वेळ लागतोय त्याला! ते तर तटस्थ पाण्याकडे निघालंय. ताबडतोब वेग वाढवा. तुम्ही वेळ घालवताय आणि ते निघून जाईल.

ते निघून जाणार होतं, हे अगदी खरं. दोन मिनिटांत ते आंतरराष्ट्रीय हवाई हद्दीत असतं. सोव्हिएत संघाच्या दृष्टीने धोका त्याच दिशेने संपत होता. पण धोका निघून जाणं आणि घुसखोर निसटणं, या दोन गोष्टी त्या फोनवर एकच झाल्या होत्या.

जपानच्या उत्तर टोकाला, वाककानाईच्या श्रवणकेंद्रात, सोव्हिएत वैमानिकाचा आवाज फितीवर उतरत होता. तो त्याच क्षणी समजून घेऊन काही करण्याची व्यवस्था नव्हती. फीत नंतर ऐकायची असते.

१८.२६.०२

दोन क्षेपणास्त्रं सुटली होती. एक विमानाच्या शेपटीमागे सुमारे ५० मीटरवर फुटलं. ओसिपोविच यांनी खाली कळवलं: लक्ष्य नष्ट.

००७ च्या हिशेबाने ही नोक्का ओलांडण्याची वेळ होती. विमान त्या बिंदूपासून पाचशे किलोमीटरहून अधिक लांब होतं.

मुंबईत रात्रीचे ११ वाजून ५६ मिनिटं झाली होती.

१८.२६ ते १८.२७

लक्ष्य नष्ट झालं नव्हतं. चारही इंजिनं चालू होती. चारपैकी तीन द्रवदाब यंत्रणा गेल्या होत्या आणि कवचाला भोक पडलं होतं. विमान आपोआप ३८,००० फुटांच्या वर चढलं, मग खाली आलं. प्रवाशांच्या केबिनमध्ये ध्वनिमुद्रित सूचना सुरू झाली: सिगारेट विझवा, मुखवटा नाकातोंडावर धरा, पट्टा बांधा. कोरियन, इंग्लिश, जपानी, अशा तीन भाषांत, आळीपाळीने.

चालकांनी टोकियोला सांगितलं की, हवेचा दाब झपाट्याने जातोय, १०,००० फुटांवर उतरतोय. टोकियोला ते नीट ऐकू आलं नाही.

१८.२७.४६

दोन्ही नोंदपेट्या एकाच वेळी बंद पडल्या. स्फोटापासून १ मिनिट ४४ सेकंद.

१८.३८

मोनेरॉन बेटाभोवती गोल गोल उतरत असलेलं विमान रडारवरून दिसेनासं झालं. पाण्यापर्यंत यायला त्याला बारा मिनिटं लागली. जवळ मासे धरणाऱ्या जपानी बोटीवरच्या माणसांना मोठा आवाज आला आणि रॉकेलचा वास आला. २६९ पैकी कोणी वाचलं नाही.

नंतर

२१.०० च्या सुमारास, म्हणजे तिथल्या सकाळी सहाला, सोलच्या किमपो विमानतळावर नातेवाईक जमले होते. थोड्या वेळाने त्यांना सांगण्यात आलं की, विमान सखालिनवर सुखरूप उतरलंय. ही बातमी काही तास टिकली.

तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने १ सप्टेंबरला म्हटलं की, एका अनोळखी विमानाने हद्दीचा भंग केला आणि ते जपानच्या समुद्राकडे निघून गेलं. विमान पाडल्याची कबुली ६ सप्टेंबरला आली. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेने ओसिपोविच यांच्या आवाजाची फीत वाजवली. तोफेच्या फैरीचं वाक्य तिच्या लिखित प्रतीत नव्हतं. ते पाच दिवसांनी, सुधारित प्रतीत आलं. प्रत्येक बाजूने आपल्या सोयीचं तेवढं ऐकवलं.

नोंदपेट्या सोव्हिएत गोताखोरांनी त्याच शरद ऋतूत समुद्रातून काढल्या आणि लपवून ठेवल्या. त्यांतल्या फिती बोरिस येल्त्सिन यांच्या काळात, जानेवारी १९९३ मध्ये, इकाओला मिळाल्या. वरच्या घटनाक्रमातली बरीच मिनिटं त्यामुळेच सांगता येतात.

रेगन यांनी १६ सप्टेंबर १९८३ ला जाहीर केलं की, अमेरिकेची जीपीएस यंत्रणा तयार झाली की नागरी वापरासाठी खुली केली जाईल. आपल्या खिशातल्या फोनला आपण कुठे आहोत हे कळतं, त्यामागे हाही एक निर्णय आहे.

अनातोली कोर्नुकोव्ह १९९८ मध्ये रशियन हवाई दलाचे सरसेनापती झाले. ओसिपोविच यांना, त्यांच्याच सांगण्यानुसार, २०० रूबल बक्षीस मिळालं.

१० मे १९८४ ला इकाओच्या सभेने शिकागो कराराला तिसऱ्या कलमाची पुरवणी जोडली. उडत असलेल्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये, असं त्यात लिहिलं गेलं. पुरेशा देशांनी मान्यता देऊन ती अमलात यायला १ ऑक्टोबर १९९८ उजाडला.

१७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ पाडलं गेलं. उंची ३३,००० फूट, ००७ बराच वेळ होतं तीच. २९८ माणसं गेली. युक्रेनने ३२,००० फुटांखालचं आकाश तीन दिवस आधी बंद केलं होतं. वरचं उघडं होतं. १२ मे २०२५ ला इकाओच्या परिषदेने ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सचं म्हणणं मान्य केलं आणि रशियाने कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला. ज्या कलमाखाली ही तक्रार होती ते ००७ नंतर लिहिलेलं होतं. रशियाने निर्णय नाकारला.